शेवटच्या फळीखाली

॥ श्री ॥
मस्कत,
१० जानेवारी १९८८

ती. दादास शशिकांतचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आणि हंसावहिनीची लसणाची चटणी, दोन्ही पोचली. पत्र मी चार वेळा वाचलं, चटणी मात्र चार दिवसच पुरली, कारण माझ्या खोलीत आता कॉन्रॅड राहतो. हा आपल्या उत्तनचा. खारी आणि उत्तन म्हणजे एकाच भाईंदरची दोन टोकं, तरी आमची ओळख व्हायला समुद्र ओलांडावा लागला. मराठी शाळेत शिकलाय, माणूस सोन्यासारखा आहे, फक्त दुसऱ्याची चटणी आपलीच समजून खातो.

आता कामाचं. इथल्या हॉटेलात पोहण्याच्या तलावाभोवती आम्ही डेक घालतोय. डेक म्हणजे उघड्यावरचा फळ्यांचा ओटा. दादा, एवढ्या मोठ्या ओट्यावर वरून एकही खिळा दिसत नाही! पहिल्या दिवशी मला वाटलं, सरसाने चिकटवलंय की काय. मग फोरमनने एक फळी उचलून दाखवली. फळीच्या दोन्ही कडांना लांब खाच मारायची, खाचेत पितळी क्लिप बसवायची, क्लिपेतून स्क्रू खालच्या वाशात घालायचा आणि पुढची फळी त्याच क्लिपेवर सरकवायची. फळीला वरून भोक नाही, म्हणून पाणी शिरायला वाट नाही. पितळ लोखंडासारखं गंजून जात नाही. शिवाय दोन फळ्यांत बारीकशी फट राहते, तिच्यातून पाणी खाली पडून जातं.

कॉन्रॅडची आई, मॉलीमावशी, उत्तनला एकटीच असते. घर समुद्रासमोर, पण पुढचं अंगण सगळं खडकाळ, वरखाली. तिचे गुडघे धरलेत, त्या खडकांवर खुर्ची टाकून बसता येत नाही. नवरा गेल्यापासून ती दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात भिंतीकडे बघत बसते, असं कॉन्रॅड सांगतो. तिला समुद्राकडे तोंड करून बसता यावं म्हणून त्याला असा ओटा करून हवाय. मी म्हटलं, भाईंदरात हे काम माझ्या दादाशिवाय कुणी करायचं नाही. वीस पावसाळे टिकेल असा शब्दही देऊन बसलोय. शब्द माझा आणि हात तुझा.

चारशे क्लिपा आणि पितळी स्क्रू इथल्या वर्कशॉपात करून घेतलेत. कॉन्रॅडचा चुलतभाऊ ॲलन इथली नोकरी संपवून परत येतोय, तो खजुराच्या डब्यातून आणून देईल. डब्याच्या दोरीला बाबांनी शिकवलेली होडीची गाठ मारलीय, ती आपल्या घराबाहेर कुणाला सुटायची नाही.

वहिनीस नमस्कार. रसिकाताईला सांग, भावाला पत्र लिहिल्याने हात झिजत नाही. तुझा आशीर्वाद डोक्यावर आहेच, तो तिथेच राहो.

तुझा,
शशी


॥ श्री ॥
खारी, भाईंदर पूर्व,
५ फेब्रुवारी १९८८

चि. शशिकांत यास अनेक आशीर्वाद.

ॲलन डबा देऊन गेला. खजूर म्हणून हंसाने लगबगीने हातात घेतला आणि वजनाने खालीच बसली. आता तुझ्या नावाने चटणी बंद आहे.

उत्तनला जाऊन जागा पाहून आलो. काम धरलं. साग वरसाव्याच्या वखारीत पाहून ठेवलाय, जुना आणि चांगला वाळलेला आहे. तुझी पद्धत वाचली. धाकट्यांनी थोरल्यांना रंधा धरायला शिकवायचा काळ आला म्हणायचा! पटाशी उलटी धरून अंगठा कापून घेतलास आणि सगळी खारी गोळा केलीस, ते विसरला नसशीलच. असो, गंमत केली. मस्कतला जाऊन शहाणा झालास, आनंद आहे.

मावशीला तू काय काय कळवलंयस कोण जाणे. मी अंगणात पाय ठेवला तोच तिने विचारलं की शशीने सांगितलेली फट कशी असणार. मी म्हटलं, असेल तशी असेल.

जेवणाची आबाळ करू नकोस. घरी सगळे तुझी आठवण काढतात, तूही काढत जा.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
मस्कत,
२५ फेब्रुवारी १९८८

ती. दादास शशिकांतचा साष्टांग नमस्कार वि. वि.

अंगठ्यावर वण अजून आहे. कॉन्रॅडला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर हा दिवसभर माझा अंगठा बघायला मागत होता.

रागावू नकोस, पण तीन गोष्टी लिहितो. एक, वासे मातीवर टेकवू नकोस, दगडांवर उचलून घे, म्हणजे खालून वारा खेळेल. दुसरी, फट. डब्यात कागदाच्या पुडीत तीन नाणी एकावर एक चिकटवून ठेवलीत. ती दोन फळ्यांमध्ये उभी धरायची, घट्ट बसली की माप बरोबर. शेजारणी म्हणतील, सुताराने फळ्या नीट भिडवल्या नाहीत. म्हणू देत. फट नसली तर पाणी वर थांबतं, आणि थांबलेलं पाणी लाकूड खातं.

तिसरी गोष्ट तुला सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेवटच्या फळीच्या पुढे फळी नसते, म्हणून तिला कडेने स्क्रू घालून लाकडाची गुल्ली मारायची. ती फळी एकटीच पुढे कधीही उघडता येते. बाबांच्या नेमाप्रमाणे तिच्याखाली नाव लिही. बाबा म्हणायचे ना, पहिल्या फळीखाली नाव लिहितो तो बढाईखोर. काम पुरं होऊ दे, त्याचा जबाब द्यायची तयारी असू दे, मग शेवटच्या फळीखाली लिही. कॉन्रॅडला हे सांगितलं तर तो म्हणाला, असा नेम सगळ्यांनाच लावायला पाहिजे.

उन्हात जपून राहा. लोभ असू दे, तो धाकटेपणाचा हक्क म्हणून मागतो.

तुझा,
शशी


॥ श्री ॥
खारी,
१४ मे १९८८

चि. शशिकांत यास अनेक आशीर्वाद.

आज काम पुरं झालं. दुपारी शेवटची फळी बसवली, आणि बसवण्यापूर्वी बाबांच्या नेमाप्रमाणे खालच्या अंगाला पेन्सिलीने नाव आणि आजची तारीख घातली. आता तरी तुझ्या जिवाला स्वस्थता मिळेल. घरी येऊन हातपाय धुतले आणि आधी तुलाच लिहायला बसलो.

मावशीने फादरना बोलावून ओट्यावर पाणी शिंपडून घेतलं. मग खुर्ची टाकून बसली ती सूर्य बुडेपर्यंत उठलीच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगत होती, की बघा, हे शशीचं काम हाय. मी तिथेच हत्यारं गोळा करत होतो.

फोटो धुऊन आला की याच पाकिटात घालून टाकतो. तुझ्यामुळे आज बाबांची फार आठवण झाली, पोरा. असाच आमच्यावर जीव असू दे.

तुझा,
दादा


भाईंदर पूर्व,
१८ सप्टेंबर १९८८

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

हात झिजला तरी चालेल म्हणून लिहायला बसलेय. तुझा निरोप दादाने मला फेब्रुवारीत दिला आणि मी सप्टेंबरात उत्तर देतेय, म्हणजे आपल्या घराण्यात हे लवकरच झालं.

गणपतीच्या करंज्या घेऊन उत्तनला जाऊन आले. शशी, काय सुंदर ओटा केलाय दादाने! तू सांगायचास तसंच, एक खिळा दिसेल तर शपथ. आणि फळ्या कशा भिडवल्यात! दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. नुकतीच पावसाची सर येऊन गेली होती, तर वर पाणी असं थांबलं होतं की मावशीचे माड त्यात उलटे दिसत होते. मावशीने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पायरीवर बसली. म्हणाली, आता मरायला घाई न्हाय.

तुझ्या भावोजींची बदली रद्द झाली, हे दुसरं सुख. तू कधी येतोस ते लिही, आणि येताना खजुराच्या डब्यात खजूरच आण. माया आहेच, वर पत्राची वाट बघणंही आहे.

तुझी,
रसिकाताई


॥ श्री ॥
मस्कत,
५ ऑक्टोबर १९८८

ती. दादास सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. तिने तुझ्या कामाचं तोंड भरून कौतुक केलंय. पण वाचून माझा जीव थोडा खालीवर झाला. ती लिहिते की फळ्यांत पोस्टकार्ड जात नाही आणि पाणी वर थांबतं. फोटो लांबून काढलेला, त्यातही मला फट दिसली नव्हती. फट ठेवलीस ना रे? तीन नाण्यांची? मावशीच्या जिवाचा ओटा आहे म्हणून विचारतो, राग मानू नकोस. एका ओळीचं उत्तर आलं तरी पुरे, आणि त्यात दोन शब्द मायेचे.

तुझा,
शशी


॥ श्री ॥
खारी,
२८ ऑक्टोबर १९८८

चि. शशिकांत यास आशीर्वाद.

रसिकाला भाकरी भाजता येते, लाकडातलं तिला काय कळतं? तिने पावसात पाहिलं. पावसात लाकूड फुगतं आणि फट मिटते, उन्हात पुन्हा उघडते. एवढंही विसरलास? की माझ्या हातावरचा भरवसा उडाला? तुझी क्लिप, तुझी फट, सगळं जागच्या जागी आहे. निश्चिंत राहा आणि थोरल्या भावाची परीक्षा घेणं सोड. लोभ कमी झालेला नाही.

तुझा,
दादा


भाईंदर पूर्व,
२२ सप्टेंबर १९९१

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू कायमचा परत येणार, खारीत दादाबरोबर दुकान घालणार, ‘बाबाजी सुतार आणि मुलगे’ अशी पाटी रंगवायची, हे सगळं वाचून मी किती नाचले होते. आज वाईट लिहावं लागतंय.

गेल्या रविवारी मॉलीमावशी चहाचा कप घेऊन ओट्यावर गेली. समुद्राकडच्या बाजूची फळी पायाखाली उलटली, शेजारची मोडली, आणि तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. मांडीचं हाड मोडलंय. ॲलन धावला म्हणून वाचली. ऑपरेशन होऊन सळई घातलीय. कॉन्रॅड तिसऱ्या दिवशी आला, हे तुला माहीतच असेल.

मी दवाखान्यात जाऊन आले. मावशी गुंगीत होती, तरी मला ओळखून म्हणाली की पाय मोडला त्याचं काय न्हाय, पण शशीला कळवू नका, त्याला वाईट वाटंल. बाहेर कॉन्रॅड उभा होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. शशी, तू तर वीस पावसाळ्यांचा शब्द दिला होतास. चारच झाले. काय चुकलं रे?

काळजी घे. तुझ्यावरचा जीव तसाच आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
रसिकाताई


॥ श्री ॥
खारी,
३० सप्टेंबर १९९१

चि. शशिकांत यास अनेक आशीर्वाद.

रसिकाने कळवलंच असेल. मनाला लावून घेऊ नकोस. तू चांगल्या हेतूने सांगितलंस आणि मी सांगितलंस तसं केलं. पण मस्कतच्या कोरड्या हवेत चालतं ते आपल्या पावसात चालत नाही. मला तेव्हाच शंका होती, तुझं मन मोडू नये म्हणून बोललो नाही. कॉन्रॅडच्या लोकांनाही मी एवढंच सांगितलं, की पद्धत परदेशातली होती, कुणाचा दोष नाही.

दुकानाचं मात्र आता घाईने करू नये. लोकांच्या तोंडी तुझं नाव आहे. वर्षदोन वर्षं तिकडेच काढ, विसरतील. मी आहे इथे. आपल्या माणसावरचा विश्वास ढळू देऊ नकोस, एवढीच अपेक्षा.

तुझा,
दादा


उत्तन,
२० ऑक्टोबर १९९१

शशिकांत,

तुला नमस्कार. एरवी सुरुवातीला तुझी मस्करी केली असती, आज होत नाही.

आय घरी आली. काल मी आणि ॲलनने ओटा उखडला. वरून बघितलं तर अजूनही एक खिळा दिसत नव्हता. फळ्या एकमेकींना इतक्या घट्ट भिडवलेल्या की पहार घालावी लागली. आत खाच नाही, क्लिप नाही. फळीच्या कडेतून तिरके ठोकलेले लोखंडी खिळे, आणि पुढची फळी भिडवून ते झाकलेले. खाऱ्या हवेत त्यांचं काय राहणार? एक बोटांत धरला तर चुरा झाला. वासे दगडावर नव्हते, मातीतच टेकवलेले, वरून हाताने सोलले जात होते. तू वर्कशॉपात माझ्या हातात क्लिप देऊन सगळं समजावलं होतंस, म्हणून मला हे कळलं.

तरी मी तुला दोष देत नव्हतो. तुझ्या भावाने, गुणवंतने केलं, तुला ठाऊक नसेल, असं धरून चाललो होतो. मग शेवटची फळी निघाली. तिच्याखाली पेन्सिलीने स्वच्छ लिहिलंय: शशिकांत बाबाजी सुतार, खारी, १४ मे १९८८. ज्याने कामाचा जबाब द्यायचा त्याचं नाव, हा तुमचा नेम तूच मला सांगितला होतास. ॲलनने डबा नेला, पण तो बांधलेला होता. आत पितळ होतं की नव्हतं, कुणी पाहिलं? तुम्ही दोघा भावांनी मिळून माझ्या आयला फसवलं, दुसरं मी काय समजू?

आय अजून म्हणते, शशी असं करणार न्हाय. तिला मी फळी दाखवलेली नाही. मी रजा वाढवून घेतलीय. परत आल्यावर दुसऱ्या खोलीत राहीन.

कॉन्रॅड


मस्कत,
४ नोव्हेंबर १९९१

ती. रसिकाताईस शशीचा नमस्कार वि. वि.

कॉन्रॅडचं पत्र सोबत पाठवतोय. वाच. 

दादाचं पत्र आल्यापासून मी समजत होतो की मावशीचा पाय माझ्या पद्धतीने मोडला. मी फोरमनला सांगून सामानाच्या गोदामात काम मागून घेतलं. महिनाभर रंध्याला हात लावला नाही. परत येण्याचा बेतही मोडला. आणि आता हा लिहितो की माझी पद्धत तिथे नव्हतीच. होतं फक्त माझं नाव.

नाव मी लिहिलेलं नाही, ताई. मी तेव्हा इथे होतो. लिहिणारा हात एकच असू शकतो, आणि ते मानायला माझं मन अजून तयार होत नाही. एक काम कर. खजुराचा डबा खारीच्या घरी आहे का बघ. माझ्या हातची गाठ तुला ओळखता येते. जे असेल ते लपवू नकोस. तुझ्या मायेवर आता सगळी भिस्त आहे.

तुझा,
शशी


भाईंदर पूर्व,
२० नोव्हेंबर १९९१

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

दादा वरसाव्याला कामावर गेलेला बघून मी खारीला गेले. वहिनीला विचारलं, तर तिने गुपचूप शिडी आणून माळ्याला लावली. बाबांच्या हत्यारांच्या पेटीमागे डबा होता. दोरीला तुझी गाठ. शशी, ती गाठ कुणी सोडलीच नव्हती. बोटभर धूळ होती तिच्यावर. वहिनीसमोर मी ती सोडली. सगळ्या क्लिपा जशाच्या तशा, पिवळ्याधमक. पुडीत तुझी तीन नाणी.

वहिनी पदर तोंडाला लावून बसली. म्हणाली, तिने तेव्हाच दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, ज्याला मी बोट धरून पटाशी शिकवली त्याच्या चिठ्ठीवर मी काम करू? वरून दिसतं तेवढंच लोक बघतात, खाली कोण वाकून बघतंय. आणि काम संपलं त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, सगळ्यांना शशीचंच काम हवंय ना, मग घ्या शशीचं नाव. वहिनीला त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

मी डबा उचलला आणि रिक्षाने सरळ उत्तनला नेला. कॉन्रॅडच्या पुढ्यात उपडा केला. त्याने क्लिपा हाताळल्या, नाणी उलटसुलट करून बघितली.  मग इतकंच विचारलं की शशी कधी येतोय. मावशी आतून ओरडली, मी म्हणत व्हते ना!

मीही तुझी गुन्हेगारच. पोस्टकार्ड जात नाही म्हणून कौतुक मीच लिहिलं होतं. दादाचं मी काय करू, सांग. राखी बांधलेला हात आहे तो. डोळ्यापुढून माळा हलत नाही. तू तरी मला धरून राहा.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
खारी,
२४ नोव्हेंबर १९९१

चि. शशिकांत यास आशीर्वाद.

रसिका माझ्यामागे माझ्या घरात शिडी लावून डबा घेऊन गेली. बहिणीने भावाच्या घराची झडती घ्यावी, असे दिवस आले. तुझ्या कानावर काय काय घातलं असेल ते दिसतंच आहे.

नावाचं म्हणशील तर ते मी मायेने लिहिलं. काम तुझ्याच पद्धतीने करायचं मनात होतं, म्हणून पहिल्याच दिवशी पहिल्या फळीखाली तुझं नाव घातलं. पुढे पावसाळा तोंडावर आला, खाचा मारायला दिवस पुरेनात. ती फळी शेवटी कशी लागली ते आता लक्षात नाही.

आणि खरं सांगू? तीन महिने उन्हात गुडघे टेकून मी बसलो होतो, शशी नव्हे. चहा देताना मावशी शशी, ॲलन आला की शशी, फादर आले तरी शशी. तू एकदा माझ्या जागी बसून बघ.

झालं ते झालं. काठी मारून पाणी दुभंगत नाही. दुकानासाठी खारीत एक गाळा पाहून ठेवलाय. ये, पाटी रंगवू, सगळं विसरू. धाकट्याने थोरल्याचं एवढं पोटात घालायचं असतं.

तुझा,
दादा


मस्कत,
१२ डिसेंबर १९९१

गुणवंत,

मायना लिहायला तीनदा कागद घेतला. ‘तीर्थरूप’ लिहवत नाही आणि दुसरं काही मला येत नाही.

तुझं चौदा मेचं पत्र मी जपून ठेवलं होतं. आता समोर उघडं आहे. त्यात तूच लिहिलंयस, की आज दुपारी शेवटची फळी बसवली आणि बसवण्यापूर्वी नाव आणि आजची तारीख घातली. फळीवर तारीख तीच आहे. पहिल्या दिवशी लिहिलं असतंस तर ती फेब्रुवारीची असती. शिवाय पहिल्या फळीखाली आपल्यात कुणी नाव लिहीत नाही. हे मला बाबांनी नंतर सांगितलं, आधी तू सांगितलंस. मी नऊ वर्षांचा होतो, पहिला पाट करायला घेतला होता, आणि लाकूड कापायच्या आधीच त्यावर नाव लिहून बसलो होतो. तू ते रंध्याने काढलंस आणि म्हणालास, आधी कर, मग लिही.

माझ्या चिठ्ठीवर काम करणं तुला टोचलं, हे मला कळायला हवं होतं. चूक माझी. सरळ लिहायचं होतंस, की शशी, मला हे जमणार नाही, मी माझ्या पद्धतीने करतो. मी कॉन्रॅडला तसं सांगितलं असतं. अरे, लोखंड ठोकून खाली तुझं स्वतःचं नाव लिहिलं असतंस, तरी मी तुझ्या बाजूने भांडलो असतो. माणूस चुकतो. पण तू पेन्सिल हातात घेतलीस तेव्हा तुला ठाऊक होतं की हा ओटा टिकायचा नाही. ज्या दिवशी तो मोडेल त्या दिवसासाठी तू माझं नाव लिहून ठेवलंस. आणि त्याच संध्याकाळी, त्याच हाताने, मला ‘पोरा’ म्हणून पत्र लिहिलंस. मी ते उशाखाली ठेवून झोपलो होतो.

फट मिटावी इतका साग पावसात फुगत नाही, हे मला अठ्ठ्याऐंशी सालीही माहीत होतं. तुझं अक्षर होतं म्हणून खरं मानलं. मावशीचा पाय मोडल्यावर तू मला लिहिलंस की दोष माझ्या पद्धतीचा. तेही खरं मानलं, आणि हत्यारं गुंडाळून ठेवली. खिळ्यांचा राग येऊन गेला. या दोन पत्रांचा जाणार नाही.

मी बावीस तारखेला येतोय. भाईंदरला उतरून सरळ उत्तनला जाईन, खारीला येणार नाही. कॉन्रॅडने बोलावलंय. मावशी काठी घेऊन चालते आहे. ओटा मी नव्याने घालतोय, त्याच चारशे क्लिपांवर, तीच तीन नाणी धरून. मावशीने निरोप पाठवलाय, की घाई न्हाय, पण शशीची फट राहू दे. तिथे शेवटच्या फळीखाली काय लिहायचं ते काम पुरं झाल्यावर मी बघीन. गाळा तुला लागेल तर ठेव. पाटीवर ‘मुलगे’ लिहू नकोस.

जुन्या फळीचा नाव असलेला तुकडा कॉन्रॅडने कापून ठेवलाय. ताई तो तुला आणून देईल. तुझं काम आहे, तुझ्या घरी राहू दे.

हंसावहिनीस नमस्कार सांग. तिने शिडी आणून दिली, हे मी विसरणार नाही.

या पत्राखाली मी सही करत नाही. माझं नाव लिहायची तुला सवय आहे, तूच लिही.